मदत हवी आहे : शिलाई युनिटमध्ये कारागिराला टीबी निघाला, बाकीच्यांना कसं जपू?

काजबटण :
सोलापुरात पूर्व भागात माझं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. पहिल्या मजल्यावर एकच खोली, 30 बाय 20 फूट, उंची 10. माणसं बारा. गेल्या आठवड्यात ओव्हरलॉकवरच्या (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) एका अक्कांना टीबी निघाला. दीड महिना खोकत होत्या. कापडाची धूळ, दुसरं काय, असं सगळेच म्हणत राहिलो. मी तर खोकल्याची बाटली आणून दिली आणि विषय संपवला. आता औषधं सुरू झालीत, त्या घरी आहेत.

बातमी फुटली आणि दोघीजणी यायच्या बंद झाल्या. ऐन मे महिना, जूनमध्ये शाळा उघडतात, चार शाळांचा माल अडकलाय. मी काय काय केलं ते सांगतो, हसू नका. फिनेलने फरशी पुसतो, 2020 सालचं सॅनिटायझरचं मशीन परत बाहेर काढलंय, सकाळी कापूर जाळतो. दाराच्या वर एक्झॉस्ट आहे. रस्त्याकडच्या खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलंय, कारण पांढऱ्या शर्टांवर धूळ बसते आणि शाळावाले माल परत करतात. कूलर आत कोपऱ्यात आहे.

तयार माल द्यावा की नको? बाकीच्यांना तपासायचं कुठे? अक्कांना परत कामावर घ्यायचं की नाही? आणि हवेचं नेमकं काय करायचं?

शेंगाचटणी :
मालाची चिंता सोडा. टीबी कापडाला, कपबशीला, सुईदोऱ्याला चिकटून जात नाही. खोकताना, बोलताना हवेत उडालेल्या बारीक कणांतून तो लागतो आणि बंद खोलीत ते कण तासन्‌तास तरंगत राहतात. फरशी पुसून त्याला काहीही होत नाही. कापूर तर बंदच करा, धुराने निरोगी माणूसही खोकेल आणि मग तुमचे उरलेले कारागीरही पळतील.

निवृत्त आरोग्यसेविका :
भाऊ, आधी माणसांचं बघा, मग पंख्यांचं. अक्कांच्या घरच्यांना आरोग्य विभागाकडून बोलावणं येईल, त्यांना टीबी होऊ नये म्हणूनही औषध असतं. तुमच्या खोलीतल्या सगळ्यांची यादी करून महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर सिव्हिलला. बेडक्याची तपासणी फुकट होते. मात्र आज तपासलं आणि सुटलो असं नसतं. जंतू शरीरात शिरून महिनोन्‌महिने, कधी वर्षं गप्प बसतो, आणि लागण झालेल्यांतले बरेच जण कधी आजारी पडतही नाहीत. म्हणून पुढची दोन वर्षं लक्ष ठेवा. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यातलं काही दिसलं की परत तपासणी. साखर असलेल्यांवर जास्त नजर.

औषध लागू पडणारा साधा टीबी असेल तर दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागायची भीती बरीच उतरते. कामावर कधी यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडतात तिथे घोटाळा होतो. पोषणासाठी सरकारकडून महिना 1000 रुपये बँकेत येतात, नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते. आधार-पासबुकाचं काम अडलं असेल तर तुम्ही जाऊन करून द्या. त्यांचं नाव मात्र तोंडातून काढू नका. फुटलं ते फुटलं, आता तुमच्याकडून नको.

धोटा :
माझे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. धुळीचा खोकला आणि हा खोकला यात आपण सगळेच फसतो. आमच्याकडे सुटीनंतर सोमवारी छाती भरून येते, आठवडाभरात उतरते, तो धुळीचा प्रकार. तुमच्या अक्कांचा खोकला रविवारीसुद्धा होता ना? तिथेच ओळखायला हवं होतं. आणि पीसवर काम असेल तर घरी बसणार कोण? एक दिवस खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार बुडाला. माणसं ताप घेऊन येतात त्याचं खरं कारण हे.

जुळे सोलापूरकर :
बारा माणसं म्हणता. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. आहे का? असतं तर टीबीसारख्या लांबलचक आजारात, दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणी भरलेली असेल तर, सुटीतही 80 टक्के पगार मिळाला असता.

काजबटण :
नाही. सीएला फोन केलाय. जास्त विचारू नका.

फॅनवाला :
आता हवेचं. तुमच्याकडे सगळं सामान आहे, बसवलंय तेवढं उलटं. दार उघडं आणि एक्झॉस्ट त्याच्याच डोक्यावर, म्हणजे दारातून आलेली हवा तिथल्या तिथे वर निघून जाते. मशीनवर बसलेल्यांची हवा हलतसुद्धा नाही. छताचे पंखे ती फक्त ढवळतात. आणि कूलर आत ठेवून खिडक्या बंद केल्यात तर तो तीच हवा ओली करून परत फेकतो. घाम वाळत नाही अशी तक्रार असेलच.

कूलर रस्त्याकडच्या खिडकीत बसवा, पाठ बाहेर. बाहेरची हवा ओल्या पॅडमधून आत येईल, धूळही बरीचशी पॅडवरच अडकेल. प्लॅस्टिक काढायची भीती तिथेच मिटली. एक्झॉस्ट मागच्या भिंतीत, मोकळ्या जागेकडे. जिन्याकडे नको, वर राहणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? हिशोब असा: तुमची खोली 6000 घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला 600 घनफूट बाहेर जायला हवी. फॅनच्या खोक्यावर आकडा असतो, घनमीटरमध्ये असेल तर तासाला साधारण 1000. मोठा कूलर याहून कितीतरी जास्त हवा आत ढकलतो, म्हणून मागची एक खिडकीही उघडी ठेवा. नंतर प्रत्येक मशीनजवळ उदबत्ती धरून बघा, धूर मागच्या भिंतीकडे वळला पाहिजे. पावसाळ्यात कूलरची पाण्याची मोटर बंद, नुसता पंखा चालू.

मास्कचं म्हणाल तर खोकणाऱ्याने लावायचाच. बाकीच्यांनी 42 अंशांत आठ तास एन-95 लावून ओव्हरलॉक चालवावं, हे मी तरी कुणाला सांगणार नाही.

काजबटण :
दहा दिवसांनी लिहितोय. कूलर खिडकीत गेला, एक्झॉस्ट मागे. उदबत्ती धरली तर काजबटणाच्या मशीनपाशी धूर नुसता घुटमळत होता, म्हणून ते मशीन हलवलं. अकरा जणांची तपासणी झाली, एकाचा एक्सरे परत काढायला सांगितलाय. दोघींपैकी एक आली, दुसरी दुसऱ्या युनिटला लागली म्हणे. खाड्याचं असं ठरवलंय की खोकला-तापाने घरी राहिलं तर तीन दिवस अर्धा रोज. जास्त झेपत नाही, सीझन उतरला की बघू.

अक्कांचा फोन आला होता. "मालक, माझं मशीन कुणाला दिलाव काय?" म्हणाल्या. नाही दिलं, झाकून ठेवलंय.

आता नवीन अडचण. कूलरला दिवसाला दोन टाक्या लागतात आणि नळ येतो चार-पाच दिवसांनी. बोअरचं पाणी जड आहे. चालेल का?

फॅनवाला :
चालेल. पॅडवर पांढरा थर चढेल, दर सीझनला बदला. पण टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा, नाहीतर टीबी टाळायला जाल आणि डेंगी पाळाल.