हृदयातला नायट्रिक ऑक्साईड: धुरातला गॅस तिथे करतो काय?

चौकस_पाहुणा:
लोकहो, एक प्रश्न डोक्यात अडकलाय. नायट्रिक ऑक्साईड म्हणजे गाड्यांच्या धुरातून येणारा, हवा खराब करणारा गॅस, एवढंच शाळेत शिकलो होतो. आता वाचतोय की तोच आपल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तयार होतो आणि रक्तपुरवठा सांभाळतो, आणि वर म्हणे काही सेकंदांत संपूनही जातो! मग कुठे किती रक्त हवं हे तो ठरवतो कसं? आणि लाफिंग गॅस तो हाच का? सोपं करून सांगा, बायोलॉजी दहावीनंतर सोडलंय.

निवांत_पेशी:
लाफिंग गॅस वेगळा, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, यात एकच. आणि लगेच संपतो हीच तर त्याची खुबी आहे. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, एंडोथेलियम. रक्त जोरात वाहायला लागलं की या अस्तरावरचं घर्षण वाढतं, पेशींना ते जाणवतं आणि त्यांच्यातलं एक एन्झाइम आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून एनओ (म्हणजे नायट्रिक ऑक्साईडच) बनवायला लागतं. गॅसच तो, त्याला दार-बिर लागत नाही, थेट शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथे सीजीएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, पेशीतलं मोकळं कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल, नळी रुंद. उलट्या बाजूला रक्तात गेला तर हिमोग्लोबिन त्याला गिळून टाकतं. म्हणजे जिथे बनला तिथलंच काम. टिकाऊ असता तर अंगभरच्या नळ्या सैल पडून बीपी धाडकन खाली आलं असतं.

जुनं_स्टेथोस्कोप:
बरोबर, पण "ठरवतो" म्हणू नका, तिथेच सगळ्यांची गल्लत होते. हृदयाचा स्नायू आरामात असतानाही रक्तातला ७०-७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतो, त्यामुळे काम वाढलं की जास्तीचं रक्त मागवण्याशिवाय त्याला फारसा पर्यायच नसतो. आरामात मिनिटाला साधारण २५० मिली, भरपूर मेहनतीत त्याच्या ४-५ पट. ही मागणी मुख्यतः स्नायूच्या स्वतःच्या चयापचयातून येते आणि सगळ्यात बारीक धमन्या आधी उघडतात. तिकडे रक्त ओढलं गेलं की वरच्या मोठ्या नळ्यांत वेग वाढतो, आणि तिथे एनओ कामाला लागतो, म्हणजे वरचा रस्ता अरुंद पडत नाही. प्रयोगात एनओ बनणं औषधाने बंद केलं तरी व्यायामात वाढणारा प्रवाह बऱ्यापैकी वाढतोच, कारण बाकीच्या यंत्रणा सांभाळून घेतात. एकाच्या भरवशावर हृदय चालत नाही.

लाल_शाई:
यात मला सगळ्यात भारी वाटतो तो फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९८० चा पेपर. सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर अॅसिटिलकोलीन (मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं रसायन) टाकलं की ती कधी आकुंचन पावायची, कधी सैल व्हायची. शेवटी लक्षात आलं की पट्टी तयार करताना आतलं अस्तर घासलं जाऊन निघालं असेल तर आकुंचन, शाबूत असेल तर सैल! म्हणजे अस्तरातूनच काहीतरी येतंय. ते काहीतरी म्हणजे एनओ, हे कळायला आणखी सहा-सात वर्षं गेली. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना. माणसांतही तसंच दिसतं, चरबी साचून खराब झालेल्या हृदयधमनीत अॅसिटिलकोलीन दिलं तर ती रुंद व्हायच्या ऐवजी आवळते. डायबेटीस, सिगारेट यांनी जे फ्री रॅडिकल (कशाशीही पटकन भिडणारे रेणू) वाढतात ते एनओला काम करायच्या आधीच संपवतात.

चौकस_पाहुणा:
अच्छा! मग छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळी? ती यातलीच का? आमच्या काकांना नायट्रेटचा पॅच पण आहे, तो रात्री काढून ठेवायला सांगितलाय, ते का?

जुनं_स्टेथोस्कोप:
हो, त्याच कुळातली. नायट्रोग्लिसरीनमधून एनओ स्नायूपेशीतच सुटतो, त्यामुळे अस्तर खराब असलं तरी चालतं. पण बराचसा आराम शिरा सैल झाल्याने मिळतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याच्यावरचा भार उतरतो. (डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी हेच औषध लिहून दिलं होतं, काय योगायोग.) पॅच चोवीस तास ठेवला तर शरीराला सवय होऊन असर उतरतो, म्हणून रोज काही तास सुट्टी. पण वेळ डॉक्टरांनी सांगितलीय तीच पाळायची, आपल्या मनाने नाही. आणि काकांना एक सांगून ठेवा, नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल (व्हायग्रा) अजिबात नाही. ते सीजीएमपी मोडूच देत नाही, दोन्ही एकत्र झाले तर बीपी जिवावर बेतेल इतकं पडू शकतं.