बोनिफासियोला मारलं तिथेच फिलिपिन्सची क्रांती अर्धी हरली

रानवाट:
काल परत १८९६ च्या फिलिपिन्सच्या उठावावर वाचत बसलो आणि परत तेहेरोसच्या सभेपाशीच अडकलो. आंद्रेस बोनिफासियो म्हणजे मनिलाच्या टोंडोतला गरीबाघरचा पोरगा, आईबाप लवकर गेले, काठ्या नि कागदी पंखे विकून भावंडं सांभाळली, नंतर गोदामात नोकरी. त्याने आणि साथीदारांनी १८९२ ला कातिपुनान ही गुप्त संघटना काढली आणि चार वर्षांनी स्पॅनिश सरकारचे कराचे दाखले फाडून उघड लढाईच सुरू केली. मग २२ मार्च १८९७ ला तेहेरोसला क्रांतीचं सरकार निवडायची सभा, तिथे काविते प्रांतातला पुढारी आगिनाल्दो अध्यक्ष झाला, बोनिफासियोच्या वाट्याला गृहखातं आलं, तर तिरोना नावाचा एकजण उठून म्हणतो ह्या पदाला वकिलीची पदवी असलेला माणूस हवा! ज्याने घर बांधलं त्यालाच दारात अडवून शिक्षण विचारायचं? आणि १० मे ला आपल्याच लोकांनी मारागोंदोनच्या डोंगरात नेऊन मारला. माझ्या मते हा खूनच, कोर्टाचा कागद असला तरी.

तर्कटे:
अर्धीच गोष्ट सांगताय. जो निवडून येईल त्याला सगळ्यांनी मानायचं असं मतदानाआधीच ठरलं होतं आणि सभेच्या खुर्चीत खुद्द बोनिफासियोच बसलेला. अपमान झाला हे कबूल, तिरोना वाईटच वागला, पण म्हणून पिस्तूल काढायचं, निवडणूकच रद्द म्हणायचं आणि पुढे नाइकला वेगळं सैन्य उभारायचा करार करायचा? त्याच दिवसांत स्पॅनिश फौज काविते प्रांतातली गावं एकेक करून परत घेत होती, इमुस पडलं. आगिनाल्दो तर सभेला नव्हताच, तो पासोंग सान्तोलच्या मोर्चावर, तिथेच त्याचा भाऊ क्रिस्पुलो गेला. आणि लढाईचं बोलायचं तर बोनिफासियो सान हुआन देल मोन्तेला हरला, बिनाकायानची लढाई जिंकली ती आगिनाल्दोच्या कावितेवाल्यांनी. युद्ध चालू असताना दोन सेनापती चालत नाहीत हो.

रानवाट:
दोन सेनापती नको होते तर हद्दपार करायचं ना! आगिनाल्दोने आधी तेच ठरवलेलं, मग नोरियेल आणि पियो देल पिलार या आपल्या सेनापतींच्या सांगण्यावरून शब्द फिरवला. बोनिफासियोला पकडायला गेले तेव्हा त्याचा एक भाऊ, सिरियाको, तिथेच मारला, खुद्द बोनिफासियोच्या मानेवर वार, जखमी माणसाला उचलून खटल्याला आणलं आणि न्याय करणारे सगळे समोरच्या गटाचे. बरं एवढं करून एकी कुठे टिकली? डिसेंबरात स्पेनशी लढाई थांबवायचा बियाक-ना-बातोचा तह, स्पेनकडून ४ लाख पेसोंचा पहिला हप्ता घेऊन आगिनाल्दो नि मंडळी हाँगकाँगला.

तर्कटे:
तो पैसा कुणी खिशात नाही घातला, बराचसा बँकेत राहिला आणि १८९८ ला त्यातूनच शस्त्रं आली, म्हणून १२ जूनला काविते प्रांतातल्याच कावितला स्वातंत्र्य जाहीर करता आलं. हे का वगळता?

माळावरची:
मी मध्ये बोलते, कारण तुम्ही दोघं १८९८ लाच थांबलात. स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन देश अमेरिकेला दिला, फेब्रुवारी १८९९ ला अमेरिकेशी नवं युद्ध पेटलं आणि ४ महिन्यांत काय, तर सगळ्यात शिस्तीचा सेनापती आन्तोनियो लूना काबानातुआनला मारला गेला, तोही आगिनाल्दोच्याच कावितच्या पहारेकऱ्यांच्या हातून, शिक्षा कुणालाच नाही. एकदा आपल्या माणसाला मारून पचलं की दुसऱ्यांदा हात थरथरत नाही, मला तेहेरोस ते काबानातुआन ही एकच वाट दिसते. आणि आगिनाल्दोने १९०१ ला पकडला गेल्यावर अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतली, तर टोंडोचाच माकारियो साकाय, कातिपुनानचा जुना माणूस, १९०६ पर्यंत डोंगरात लढत राहिला. माफीच्या भरवशावर खाली उतरला तर दरोडेखोर ठरवून १९०७ ला फासावर चढवला. त्याच्याकडे तरी कुठे होती वकिलीची पदवी?

तर्कटे:
लूनाचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. साकायबद्दलही आदरच आहे. पण तेहेरोसला त्या आठवड्यात स्पॅनिश फौज उंबऱ्यावर होती आणि आगिनाल्दोच्या जागी मी असतो तर बोनिफासियोला मोकळा सोडला नसता. कैदेत ठेवला असता, मारला नसता, इतकंच.

रानवाट:
मग आपलं भांडण फक्त १० मे च्या सकाळपुरतं उरलं. त्या एका सकाळीसाठीच मी हा धागा काढला होता.