लिचेट: फेंटननंतर रंग गेला, सीओडी मात्र हटेना. मदत हवी आहे

मंडळी, मी नाशिकला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट कचरा डेपोतून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यावर, म्हणजे लिचेटवर आहे. विषय उगाच घेतलेला नाही. काकांची द्राक्षबाग एका जुन्या डेपोच्या उताराला आहे. पावसाळ्यात विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि काकू त्यातच भांडी घासते.

डेपो जुना, त्यामुळे बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) यांचं गुणोत्तर ०.१ च्याही खाली. जिवाणूंनी खाण्यासारखं कधीच संपलंय, उरलीत ह्युमिक आणि फुल्विक आम्लं, म्हणजे सहज न कुजणारे गडद पदार्थ. म्हणून फेंटन धरलं, म्हणजे लोखंड आणि पेरॉक्साइडने घाण जाळायची पद्धत: सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३, मग फेरस सल्फेट, मग हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं. पहिल्या दिवशी आम्ल एकदम ओतलं, तर बायकार्बोनेटमुळे असा फेस उसळला की अर्धा बीकर ओट्यावर. आता थेंबथेंब घालते.

तासाभरात पाणी फिकट पिवळं होतं. पण सीओडी लिटरला ४२०० मिलिग्रॅमवरून जेमतेम १९००. घनकचरा नियम २०१६ मध्ये नदीनाल्यात सोडायला सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम होती! पेरॉक्साइड वाढवलं की रीडिंग उलट चढतं. तोच नमुना दोन दिवस ठेवला तर १५०० येतो, आणि बाटलीला आतून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात.

उरलेलं पेरॉक्साइडच सीओडीत मोजलं जातंय का? ते घालवू कसं?

प्रतिसाद:
ताई, अगदी तेच होतंय. सीओडी चाचणीतलं डायक्रोमेट पेरॉक्साइडवरही खर्च होतं. १००० मिलिग्रॅम पेरॉक्साइडमागे साधारण ४७० सीओडी जास्तीचा दिसतो. कॉस्टिक सोड्याने पीएच ८ च्या वर न्या, लोखंडाचा विटकरी गाळ बसू द्या, वरचं पाणी कोमट करून ढवळत ठेवा. मग पेरॉक्साइड उरलंय का ते दाखवणारी स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवा. निळी झाली तर अजून थांबा. गाळ बसायच्या आधी पट्टी लावू नका, पाण्यातलं फेरिक लोखंडही ती निळी करतं. पेरॉक्साइड मारायला सोडियम सल्फाइट घातलंत तर जपून, जास्त झालं तर तेही सीओडीत धरलं जातं. आणि लिचेटमध्ये क्लोराइड भरपूर असतं, तेही सीओडीत मोजलं जातं; ते अडवायला मर्क्युरिक सल्फेट घालताय ना?

एवढं करून २५० येईलच असं नाही. बीओडी पुन्हा लावा. गुणोत्तर वाढलं असेल तर पुढे जैविक टाकी, म्हणजे जिवाणूंकडून शुद्धीकरण, चालेल.

काकूंना मात्र आजच सांगा, भांड्यांना ते पाणी नको.

धागाकर्ती:
पट्टी निळीशार! कॉस्टिक घातलंय, गाळ बसतोय. काकूला फोन केला, आता टाकीचं पाणी वापरतेय. विहिरीचा नमुना रविवारी आणते.