व्हिस्बीला आई-बाबांना न्यावं का? ऑगस्ट, बजेट कमी

सोल्नाची_मृणाल: आई-बाबा ऑगस्टभर माझ्याकडे आहेत. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना गोटलंड बेटावरचं व्हिस्बी, तटबंदीचं जुनं व्यापारी गाव, बघायचंय. तिघांचं मिळून ५००० क्रोनर, त्याच्या वर नाही. आईचे गुडघे दुखतात. कोणी जाऊन आलंय का?

माल्मोची_माई: व्हिस्बीच गं! आम्ही तटाच्या आतच राहिलो, सकाळी सगळं गाव आपलंच. नुसत्या राहण्याचेच सात-आठ हजार धर. केशराचा पॅनकेक खाच.

उप्साला_अण्णा: ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे मध्ययुग सप्ताह असतो, म्हणजे जुन्या काळासारखी जत्रा आणि बाजार, तेव्हा नकोच, खोल्या मिळत नाहीत आणि दर दुप्पट. त्यापेक्षा स्टॉकहोमजवळचं जुनं गाव सिग्तुना. मार्स्टापर्यंत लोकल, पुढे ५७० नंबरची बस, एसएलचंच (स्टॉकहोमच्या लोकल-बसचं) तिकीट.

रीबेवाला: डेन्मार्कचं सगळ्यात जुनं गाव रीबे. उन्हाळ्यात रात्री पहारेकरी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतो, फुकट!

माल्मोची_माई: अहो, ती स्टॉकहोमला राहते, रीबे कुठल्या कुठे!

पेडल_पाटील: सायकली घ्या भाड्याने. आम्हाला एकाने ब्रेक न लागणारी दिली, वर पैसे परत द्यायला तयार नाही, आधी चालवून बघा.

लिंकोपिंगकर: पाटील, गुडघेदुखीला सायकल कसली? मृणाल, व्हिस्बी उतारावर आहे, कॅथेड्रलच्या मागे जिने आणि दगडगोट्यांचे रस्ते. आईंना खालीच ठेव. अल्मेदालेन, जिथे पूर्वी बंदर होतं तिथे आता बाग आहे, आणि जवळच स्ट्रांडगातान रस्त्यावरचं म्युझियम, हे सगळं सपाटीला. म्युझियममध्ये स्पिलिंग्जचा खजिना बघाच, १९९९ मध्ये शेतात सापडलेली ६७ किलो चांदी, त्यात हजारो अरबी नाणी! आणि १३६१ ला डॅनिश राजा वाल्देमारच्या फौजेने तटाबाहेर कापून काढलेल्या शेतकऱ्यांची हाडं, एका कवटीवर साखळीचं चिलखत अजून तसंच चिकटलंय. बाबा तिथून हलणार नाहीत. न्युनेसहाम्न बंदरापर्यंत लोकल, पुढे बोट, तीन-सव्वातीन तास.

उप्साला_अण्णा: परत सांगतो, सिग्तुना. गर्दी नाही, रस्ता सपाट.

गॉटेनबर्गची_लेक: पॅनकेकमध्ये अंडं असतं हां, आईंना आधी विचार.

सोल्नाची_मृणाल: सगळ्यांचे आभार. आम्ही सप्ताहातच जातोय! बाबा म्हणाले, नुसत्या भिंती नकोत, बाजार भरलेला बघायचाय. सकाळच्या बोटीने जाऊन रात्रीच्या बोटीने परत, राहण्याचा खर्चच नाही, डबा घरचा.

उप्साला_अण्णा: मग परतीचं तिकीट आजच काढ, त्या आठवड्यात बोटी भरून जातात.