अनुभव धागा: चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अवकाशाची पुस्तकं कशी पारखता?

मुखपृष्ठं सगळ्यांचीच चकाचक असतात. आत काय बघायचं ते लिहा. पुस्तकांची यादी नको.

---

आधी श्रेयपान (आवृत्ती, साल छापलेलं पान). पुनर्मुद्रण ताजं असलं तरी मजकूर जुनाच असू शकतो. नऊ ग्रह दिसले तर पुस्तक घेऊ नका. प्लूटो 2006 पासून बटुग्रह आहे. चंद्रांच्या आकड्यावरून मात्र पुस्तक नाकारू नका. शनीचे 2025 मध्ये 274 झाले, छापील आकडा शिळा होणारच.

---

मी थेट चंद्रकलांचं पान उघडतो. ‘पृथ्वीच्या सावलीमुळे कला दिसतात’ असं असेल तर पुस्तक परत. ते ग्रहण झालं. कोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढलेली असेल तरी तेच. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो.

उभी कोर मात्र चूक नव्हे. युरोपात ती बरीचशी तशीच दिसते, आपल्याकडे बीजेची कोर होडीसारखी आडवी. मुलाला गच्चीवर नेऊन दाखवा, नाहीतर पुस्तक खोटं वाटतं.

---

ग्रह एका रांगेत खेटून काढतात, त्याला इलाज नाही. पान तेवढंच. पण ‘अंतरं प्रमाणात नाहीत’ ही ओळ हवी. उरलेलं घरी करा: सूर्य म्हणजे 22 सेंमीचा फुटबॉल, पृथ्वी 2 मिमीचा मोहरीचा दाणा, दोघांत 24 पावलं (मोठ्या माणसाची लांब, मीटरभराची). चंद्र खसखशीहून बारीक, मोहरीपासून 6 सेंमीवर. गुरू सुपारीएवढा, 120 मीटरवर. नेपच्यून 700 मीटरवर, म्हणजे सोसायटीच्या फाटकाबाहेर!

---

भाषांतरित असेल तर दोन जागा तपासा. दीर्घिका (ताऱ्यांचा कुठलाही प्रचंड समूह, galaxy) आणि आकाशगंगा यांची सरमिसळ नको. आकाशगंगा म्हणजे आपली एकच दीर्घिका. आणि ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य. 400 किमी उंचीवरच्या अंतराळ स्थानकात ते जमिनीवरच्या 90 टक्के असतं. स्थानक पृथ्वीभोवती सतत पडत असतं, म्हणून आतली माणसं तरंगतात.

---

झडपांची (उचलून खाली बघायच्या कागदी पट्ट्यांची) पुस्तकं घडीच्या रेषेवर फाटतात. नवी असतानाच मागून पारदर्शक टेप लावा, झडप पूर्ण उघडून. बंद ठेवून लावली तर ती उघडतच नाही. गुळगुळीत काळी पानं रात्री दिव्याखाली नुसती चमकतात, चित्र दिसत नाही. खरखरीत कागद बरा.

---

कृष्णविवराचं पान झोपताना नको, दिवसा वाचा. बाकी साडेसातीवाल्या घरांत शनीची कडी जरूर दाखवा :)