छोट्या विमानातून बाहेर पडायची साधनं, सल्ला हवाय

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. माझा भाचा (आम्ही देवगडकडचे) पायलट ट्रेनिंगला चाललाय, सेस्ना १७२ वर. ताईचा जीव टांगणीला लागलाय म्हणून त्याला काहीतरी कामाचं घेऊन द्यायचंय. गाडीत ठेवतात तो काच फोडायचा पंच आणि बेल्ट कटर एकत्र मिळतो, तो घेऊ का? आणि विमान पाण्यात उतरवायची वेळ आली तर? पोरगा खाडीतच पोहायला शिकलाय, त्यामुळे पोहण्याची चिंता नाही.

रानवारा:
पंच नको. तो गाडीच्या टफन काचेसाठी असतो, एका जागी टोचला की काचेचा चुरा होतो. सेस्नाच्या खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या, त्यावर पंच मारून फार तर टोचा पडेल, तिथे जड हातोडीच लागते आणि घाव मधोमध न घालता चौकटीजवळ घालायचा. सिरस विमानात तर कंपनीच मधल्या आर्मरेस्टमध्ये हातोडी देते. पण सेस्नात हातोडी ठेवायची तर इन्स्ट्रक्टरला विचारून, नीट अडकवून, सुटी असली तर आपटताना तीच डोक्यात बसेल. आणि सगळ्यात आधी दरवाजा हो! इमर्जन्सीत विमान टेकण्याआधी दरवाजे अनलॅच करायचे (कडी काढून ठेवायची) हे चेकलिस्टमध्येच आहे, कारण बॉडी वाकली की दरवाजा अडकतो. हे त्याच्याकडून पाठ करून घ्या.

दर्यावर्दी:
मी गुहागरचा, मुंबई हायला समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो. ड्युटीवर हेलिकॉप्टरने जातो म्हणून आम्हाला ह्युएट करावं लागतं, म्हणजे तलावात नकली केबिन बुडवून उलटी करतात आणि आपण बाहेर यायचं. जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, ९ जण होते, त्यातले ४ गेले, तेव्हापासून घरचे पण या गोष्टी विचारतात.
खाडीकाठ दादा, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उलट्या केबिनमध्ये वर कुठे खाली कुठे कळत नाही, नाकात पाणी जातं, समोर नुसते बुडबुडे. म्हणून एक हात दरवाजाच्या हँडलवर किंवा खिडकीच्या कडेवर ठेवायचा, तो काही झालं तरी सोडायचा नाही, हालचाल थांबली की दुसऱ्या हाताने बेल्ट. पाण्याच्या दाबाने दरवाजा उघडत नसेल तर खिडकी उघडून पाणी आत येऊ द्यायचं, दाब सारखा झाला की उघडतो. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर ते तुम्हाला वर दाबून धरतं आणि खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. ह्युएटला बसायची संधी मिळाली तर पैसे तिथे घाला, कुठल्याही वस्तूपेक्षा ते भारी.

खाडीकाठ:
खूप आभार दोघांचे. मग बेल्ट कटर तरी घेऊ ना?

रानवारा:
घ्या की, पण हुकवाला, ज्यात पातं आत असतं. तो बॅगेत नाही, अंगावर हवा, कुठल्याही हाताने पोचेल असा छातीपाशी. उलटं लटकलेलं असताना आधी एक हात छताला टेकवायचा मग कापायचं, नाहीतर मानेवर पडेल. उभ्या विमानात डोळे मिटून हँडल, बेल्ट, कटर सापडतंय का हे रोज बघू दे त्याला. प्रवासी विमानाने कुठे जाताना मात्र कटर चेक-इन बॅगेत टाका.

अबोली:
कपडे सुती द्या हं, नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं.

रानवारा:
+१. आणि हो, तिथे पाईपर कंपनीच्या विमानावर पण शिकवतात का विचारा. पाईपर पीए-२८ ला दरवाजा एकच, उजवीकडे, आणि त्याला लॅच दोन, एक बाजूला एक वर. दोन्ही उघडल्याशिवाय निघता येत नाही.