चाळिशीत रोड सायकल

ताई, चाळिशीत रोड सायकल, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, झेपेल का, असं विचारलंत. नक्की झेपेल! मी ४३व्या वर्षी सुरू केली. पहिल्याच रविवारी थेट बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या चढाला भिडलो, ती चूक. जड गिअरवर पाय अडकले, चेन कुरकुरली, शेवटी उतरून ढकलत नेली. गिअर चढ लागायच्या आधीच हलका करायचा असतो, हे तेव्हा कळलं. तुम्ही आधी वडगाव-येळ्ळूर रस्त्यावर, भाताच्या शिवारातून, पहाटे हात बसवा. फार सुंदर वाटतं. २५ मिमीच्या टायरात हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. अंगठ्यानं दाबून कळत नाही, हवेचा दाब दाखवणारा गेजवाला पंपच घ्या. जांबोटीच्या जंगलाकडं मात्र पावसाळा संपल्यावरच. ओल्या पाल्यावर बारीक टायर सरकतो.